हॉलंडचा बांध आणि सुकटीची बरणी

युरोपात जाऊन आलं की लोक आयफेल टॉवरचं विचारतात. रोह्यात आमच्या आळीत भाजीवालीपासून दातांच्या डॉक्टरपर्यंत सगळ्यांनी विचारलं. टॉवर उंच आहे, लोखंडी आहे, रात्री त्यावर दिवे लागतात. झालं. मला सांगायचंय ते बसमधलं. वर्ष होत आलं तरी ते सांगताना माझा आवाज चढतो. चढू दे.

आम्ही दोघंच गेलो होतो. मी हायस्कूलमध्ये भूगोल शिकवून निवृत्त झालेली, आणि आमचे हे एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर म्हणून शिफ्ट करून निवृत्त झालेले. दोघंही पेणच्या खाडीकाठचे, आगरी. माझे वडील मिठागरावर कामाला होते आणि आई त्यांच्या बरोबरीने डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहायची. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. वडखळला येऊन एसटी पकडायची, पेणला जायचं, संध्याकाळी परत. बी.ए. झाले, बी.एड. झाले. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, असं म्हणायची पद्धत आहे. मी बढाई म्हणूनच सांगते. कमावलेली आहे.

ऱ्हाईन नदी मी फळ्यावर इतक्यांदा काढली की डोळे मिटूनही निळ्या खडूने काढीन. पण सहलीचं मनावर घेतलं ते ह्यांनी, आणि तेही एकाच गोष्टीसाठी. ह्यांच्या वडिलांची शेती खाऱ्या जमिनीत. समुद्राचं पाणी अडवायला मातीचा बांध, आणि पावसाचं पाणी खाडीत सोडायला बांधात एक लाकडी दार, त्याला आम्ही उघाडी म्हणतो. मोठ्या उधाणाला बांध फुटला की खारं पाणी भातात शिरतं, आणि मग ती जमीन वर्षानुवर्षं काही देत नाही. सगळा गाव चिखलाचे गोळे हातोहात देत बांध भरायचा. ह्यांचं लहानपण त्या चिखलात गेलं. लग्नानंतर एकदा मी वह्या तपासताना सहज बोलून गेले, की हॉलंडचा बराचसा भाग समुद्रापेक्षा खाली आहे, बांध घालून राखलाय.

हे जेवता जेवता थांबले. "आख्खी गावंच्या गावं? बांधाच्या आड?"

"शहरंसुद्धा."

"आनि फुटत नाय?"

तेव्हापासून हे डोक्यात. निवृत्तीनंतर मुलीने विचारलं, बाबा कुठे जायचं, तर हे म्हणाले, "हॉलंड. तिथला बांध बघाचा हाय." नुसत्या हॉलंडची सहल कुणी काढत नाही. म्हणून पॅरिस, ब्रसेल्स, अ‍ॅमस्टरडॅम, पुढे कोलोन, व्हिएन्ना, रोम, असं सगळं पदरात घ्यावं लागलं.

आता सुकटीचं सांगते. कंपनीतल्या इतक्या वर्षांत ह्यांचं नाक गेलं. गॅस उघडा राहिला तरी कळत नाही, अगरबत्ती लावली तरी कळत नाही. वास गेला की चवही जाते. वरण काय, पनीर काय, ह्यांना सगळं ओल्या पुठ्ठ्यासारखं लागतं. एकच गोष्ट जिभेला कळते, ती म्हणजे सुकटीची चटणी. वाळवलेला बारीक जवळा खरपूस भाजायचा, सुकी मिरची आणि भरपूर लसूण घालून कुटायचा. तेवढी पानात असली की हे पोटभर जेवतात. नसली की दोन घास खाऊन उठतात. तेव्हा सहलीला चटणी न्यायचीच होती. शेजारच्या भाभीचा मुलगा कुवेतला असतो, तिला सुकट परदेशी पाठवायची सवय. चटणी मी कुटली, बरणी तिने भरून, बांधून दिली. झाकणाखाली प्लॅस्टिक, वरून चिकटपट्टी, मग कणकेच्या डब्यात. "बिनधास्त जा गो," ती म्हणाली, "इमानात काय, कुनाच्या बापाला पत्ता लागनार नाय." नियम मी आधी वाचून घेतले होते. खाण्यापुरती सुकी मासळी नेता येते. मी नियमाविरुद्ध काही करणारी बाई नाही.

पॅरिसचे दोन दिवस बरे गेले. आमच्या सीटच्या पुढे मुंबईच्या एक बाई आणि त्यांचे मिस्टर होते. रोहा म्हटल्यावर बाई म्हणाल्या, "म्हणजे अलिबागकडे ना? आमचा बंगला आहे तिथे! वडखळवरूनच जातो आम्ही. काय सुंदर आहे हो तुमच्याकडे, आणि मासे तर काय!" मला बरं वाटलं. आपल्याकडचं कुणीतरी भेटलं, असं वाटलं. इतकी मी भोळी.

तिसऱ्या दिवशी पॅरिसहून ब्रसेल्सला निघालो. दुपारी बसमध्येच जेवणाचे डबे वाटले, भात आणि मटाराची भाजी. ह्यांनी दोन घास खाल्ले, माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, हॉटेलवर उघडू. पण हे तोवर पिशवीत हात घालून मोकळे. बरणीचं झाकण फिरवलं, चमचाभर चटणी भातावर घेतली आणि बरणी माझ्यापुढे केली. "घे गो."

बंद बस. खिडक्या उघडत नाहीत. वास आला, मी नाकारत नाही. मला तो घरचा वास आला.

पुढच्या बाई ताडकन उठल्या. "ई! काय सडलंय इथे?"

त्यांचे मिस्टर म्हणाले, "उंदीर मेलाय का कुठे?"

मागून एकजण ओरडला, "कोळीवाडा आला, उतरा!" आणि सगळी बस हसली.

आणि आमचे हे काय करत होते? हे वाकून सीटखाली बघत होते. उंदीर शोधत होते! ह्यांना वास येतच नाही, ह्यांना काय माहीत. तोंडात घास, हातात बरणी, आणि मला विचारतात, "कुठं गो? काय मेलंय?"

लोक आणखी हसले. ते ह्यांच्यावर हसतायत हे ह्यांना कळायला थोडा वेळ लागला. कळलं तो क्षण मी बघितला. देव करो आणि दुसऱ्या कुणाला आपल्या माणसाचा तसा चेहरा बघायला न लागो.

टूर मॅनेजर आला. गोड बोलणारा. "काका, प्लीज. ते तुमच्याकडचं आहे. कोचमध्ये असलं चालत नाही, बाकीच्या गेस्टना त्रास होतो." हात पुढे केला, आणि ह्यांनी बरणी देऊन टाकली. मला बोलायलाही मिळालं नाही. पुढच्या पेट्रोल पंपावर बस थांबली तेव्हा मॅनेजरने ती दोन बोटांनी धरून नेली आणि कचऱ्याच्या पेटीत टाकली. नीट झाकण लावून माझ्याकडे दिली असती, मी बॅगेत ठेवली असती, प्रश्न मिटला असता. पण नाही. अन्न टाकलं. माझ्या हातचं, आणि आमच्या भाभीने बांधून दिलेलं. परत बसमध्ये चढून त्याने सुगंधी फवारा मारला. पुढच्या बाई मागे वळून मला म्हणाल्या, "वाईट वाटून घेऊ नका हं. आम्हीही मासे खातो. पापलेट, सुरमई. पण हे असलं..."

हे असलं! कॉलेजात असताना माझ्या डब्यात हेच असायचं. बाकावरच्या मुली ओढणी नाकाला लावायच्या, आणि मी त्यांच्यासमोर सावकाश शेवटचा घास संपवून डबा धुवायला उठायचे. पण ते माझं होतं, मला सोसत होतं. ह्यांना नाही सोसलं. ब्रसेल्सच्या चौकात सगळे उतरले, हे म्हणाले, "तू जा. मी बसतो."

"का?"

"पाय दुकतात."

पाय दुखत नव्हते. दुसऱ्या दिवशी अ‍ॅमस्टरडॅमला पोचलो, हॉटेलात जेवण होतं, हे एका कोपऱ्यातल्या टेबलावर पाव कुरतडत बसले. सकाळी नाश्त्याला आलेच नाहीत. मी खोलीत गेले तर गादीवर बसून बुटाची लेस उगाच सोडत-बांधत होते.

"अहो, आज बांध आहे. इथूनच जवळ. आयुष्यभर म्हणत होतात ना?"

"फोटोत बघितलाय."

"फोटोत बघायला एवढ्या लांब आलात?"

"माज्यामुले तुला ऐकून घ्यावं लागलं. पुन्यांदा नको. बसतो मी बसमधी, कुनाला वास नको नि काय नको." मग खाली बघत, "माज्या अंगाला पन येतो काय गो?"

माझ्या अंगाची आग झाली. ज्या माणसाने इतकी वर्षं रात्रपाळ्या करून मुलीला इंजिनियर केलं, तो मला विचारतोय की माझ्या अंगाला वास येतो का. मी म्हटलं, "साबणाचा येतो. उठा." उठले. पण बसमध्ये बसण्यासाठीच.

त्या दिवशी आम्हाला कुठे नेलं माहीत आहे? कोळ्यांच्या गावात. कार्यक्रमात तसंच लिहिलं होतं, 'जुनं टुमदार मच्छीमार गाव'. ज्या लोकांना बसमध्ये कोळीवाडा नको होता, ते तोच बघायला निघाले होते. गाव सुरेख होतं. हिरवी लाकडी घरं, बंदरात होड्या. आणि ते सगळं उभं होतं बांधावर! दुकानांचा रस्ता म्हणजेच बांध. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला घरांची छपरं खाली. मी भूगोलाची शिक्षिका, माझेही पाय तिथे थबकले. आणि हे खाली पार्किंगमध्ये, बसच्या मागच्या सीटवर.

मी परत वळले तर एका फोटोच्या दुकानातून आमच्या पुढच्या बाई बाहेर आल्या. अंगावर काळा झगा, पट्ट्यापट्ट्यांचा एप्रन, डोक्यावर टोकदार पांढरी टोपी, काखेत मासळीची टोपली. तिथल्या कोळणीचा वेश. फोटोसाठी भाड्याने मिळतो. मिस्टरही कोळी झालेले. आणि मॅनेजर समोरच्या टपरीवरून सगळ्यांना हाका मारत होता, "हेरिंग ट्राय करायलाच हवा हं, इथलं फेमस!" हेरिंग म्हणजे खारवलेला कच्चा मासा, वर कांदा. बाईंनी टोपली मिस्टरांकडे दिली, मासा शेपटीला धरला, मान वर केली आणि तोंडात सोडला. मोबाइल वर झाले. "वॉव!"

मी सरळ पुढे गेले. "बाई, वास येतो का हो त्याला?"

त्या हसल्या. "थोडासा. पण तेच तर ऑथेंटिक ना!"

"मग परवा आमचं काय होतं?"

"अहो, ते वेगळं. हा फ्रेश असतो."

"खारवलेला आहे. आमचा वाळवलेला होता. दोन्ही टिकवलेलेच. तुम्ही आत्ता अंगावर जे घालून फोटो काढलात ना, ते पैसे देऊन घातलंत. आमचं ते जन्माचं आहे, त्याचं मात्र हसू."

मिस्टर म्हणाले, "तुम्ही उगाच इश्यू करताय."

"करतेच आहे. आमचे हे दोन दिवस जेवलेले नाहीत. त्यांचं नाक कामापायी गेलंय, त्यांना वास येत नाही. तुम्ही उंदीर मेलाय म्हणालात, तो माणूस खाली वाकून शोधत होता. आणि तुम्ही सगळे हसलात."

मॅनेजर मध्ये पडला, "मावशी, आपण नंतर बोलू, हं?" मी त्याला म्हटलं, "मी तुझी मावशी नाही. मॅडम म्हण." बाई टोपी काढायला दुकानात गेल्या. माफी? छे! आजपर्यंत नाही. ग्रुपवर फोटो मात्र आले, कोळणीचे.

मी टपरीवरून एक मासा घेतला, कागदाच्या ताटलीत, आणि बसकडे निघाले. हे खिडकीला डोकं टेकून बसलेले.

"काय गो, भांडलीस?"

"भांडले."

"कुनाशी?"

"पुढच्या बाईंशी. त्या कोळणीचा वेश करून शेपटीला धरून मासा खात होत्या."

हे उठून बसले. "भाजलेला?"

"कच्चा."

"खोटं."

"तुमची शपथ. मान अशी वर करून."

"त्या? पापलेटवाल्या?" आणि हे हसायला लागले. आधी नाकातून, मग पोट धरून. ड्रायव्हर वळून बघायला लागला. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, ते रुमालाने पुसलं, ताटलीतला मासा कांद्यासकट तोंडात टाकला, चावला. "मीठ लागतंय," म्हणाले. पुन्हा चावून बघितलं. "व्हय, लागतंय." आणि उतरले.

बांधावर चढले. इकडचं पाणी बघितलं, तिकडची छपरं बघितली. मग दुकानं मागे टाकून, जिथे नुसतं गवत होतं तिकडे चालत सुटले. मी मुद्दामच मागे राहिले. तेवढ्यात मॅनेजरचा झेंडा हलायला लागला. वेळ झाली, चीज फॅक्टरी बघायची होती, मग हिऱ्यांचं दुकान.

सगळे बसमध्ये बसले. मी शेवटची. पायरीवर चढले आणि तिथेच, दारात, उभी राहिले.

"मॅडम, आत या ना. काका कुठे आहेत?"

"बांधावर."

"बोलवा त्यांना. लोक थांबलेत."

"मग थांबू दे की. आमचे हे बांधासाठीच आलेत."

"पुढचं सगळं लेट होईल हो!"

"होऊ दे."

ड्रायव्हरने दार बंद करायचं बटण दाबलं असावं. दार थोडं सरकलं, माझ्या खांद्याला लागलं आणि परत उघडलं. आत कुजबुज झाली. पुढच्या बाई खिडकीबाहेर बघत होत्या. लांब बांधाच्या उतारावर हे उकिडवे बसले होते. गवत बाजूला सारून हाताने माती दाबून बघत होते. मग उठून पाण्याच्या बाजूला गेले, तिथले दगड बघितले, परत अलीकडे आले. माझ्याकडे बघून हात वर केला, येतो म्हणून. मी मान हलवली, बघा अजून. ते पुन्हा वळले.

मी दारातून हलले नाही.