मी वाचलेला आकडा

वहिनींचा फोन आला तेव्हा मी पुण्यात कामावर होतो. "भाऊजी, सकाळी चहा घेऊन आडवे झाले... उठलेच न्हाईत." माझा मित्र ज्ञानोबा गेला त्याला आता दीड महिना झाला. त्याला सांगायची एक गोष्ट राहून गेली, ती इथं लिहितो.

उमापूरकडच्या आमच्या गावात ज्ञानोबा सहकारी दूध संस्थेत दुधाचं फॅट तपासायचा. मशीन बिघडलं तर तालुक्याहून माणूस येईपर्यंत थांबायचा नाही, स्वतःच खोलायचा. दुष्काळात जनावरं चारा छावणीला गेली, संस्थेत दूध येईना, आणि त्या रिकाम्या खोलीत त्यानं सिंथेसायझर बांधायला घेतला, विजेवर सूर काढणारी पेटी. सर्किटचे नकाशे मी अंबाजोगाईला बी.एस्सी. करताना उतरवून आणलेले, सुटे भाग जुन्या रेडिओंचे. सूर काढणारी चार मॉड्यूल, प्रत्येकाला बटणं आणि वायरी खुपसायची भोकं. वायरीतून एक व्होल्ट जास्त दिला की सूर नेमका एक सप्तक चढला पाहिजे. तो जुळवायला मागच्या बाजूला बारीक स्क्रू. स्क्रू मागे, सुराची कंपनं मोजणारा माझा मीटर पुढे, म्हणून काम दोघांचं. तो फिरवणार, मी आकडा वाचणार. खालचा सूर चारशे चाळीसला, तर वरचा आठशे ऐंशीला यायला हवा.

पहिल्या मॉड्यूलवरच सबंध दुपार गेली. पत्रा तापला की सूर सरकायचा, पुन्हा पहिल्यापासून. मला चारची एसटी गाठायची होती. दुसऱ्या दिवशी पुण्यात नोकरीची मुलाखत.

"किती रं?"

मीटरवर आठशे एकाहत्तर होते. मी म्हणालो, "आठशे ऐंशी."

"मला उतरल्यावानी लागतंय."

"मग मीटर खोटं बोलतो का?"

"तसं न्हाई... माझा कान दुधाच्या खोलीतला. तू शिकलेला हायेस."

मी मीटर पिशवीत टाकला आणि निघालो. नोकरी लागली. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, आणि त्याचा अभिमान मला आजही आहे. पण ती एसटी आठवली की मान खाली जाते.

पुढं त्यानं पेटी मारुतीच्या देवळात भजनाला नेली. हार्मोनियमशी वरचे सूर जुळेनात. "ज्ञानोबा, तुझी पेटी दुष्काळात वाळली का रं?" लोक हसले. हे त्यानंच मला फोनवर सांगितलं. पुन्हा नेली नाही. "एकट्याला लई गोड लागती," म्हणाला. मी तेव्हाही गप्प राहिलो... वर्षं गेली.

तेराव्यानंतर मी मीटर घेऊन त्या खोलीत गेलो. पहिलं मॉड्यूल, आठशे एकाहत्तर. दुसरंही तेवढंच. तिसरं, चौथं... एखाद्या आकड्याचा फरक. त्याच्याकडे मीटर नव्हता. माझा आकडा खरा मानून त्यानं बाकीची तीन नुसत्या कानानं पहिल्याशी जुळवली होती. पेटी स्वतःशी सुरात होती, बाकी कुणाशीच नाही.

वहिनींना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "हे पहिल्याला हात लावू द्यायचे न्हाईत कुणाला. मित्रानं लावून दिलंय म्हणायचे." आणि मीटरपुढं येऊन बसल्या. "फिरवा. मी वाचते."

मी पहिल्याच्या मागे वाकलो. डोळ्यांतल्या पाण्यानं स्क्रूची खाच दिसेना.

"आठशे अठ्ठ्याहत्तर," त्या म्हणाल्या.

"राहू द्या वहिनी, चालेल."

"चालंल कसं? अजून दोन कमी हायेत."