तळघरातला पंप आणि अम्माची लिंबोणी

आमच्या तळघरात पावसाळ्यात पाणी येत नाही, ऐन उन्हाळ्यात येतं. हे सांगितलं की बाहेरचा माणूस आधी हसतो. बारामतीत आमच्या घराच्या मागून थोड्या अंतरावर कालवा जातो. त्याला पाण्याची उन्हाळी पाळी सुटली की आसपासच्या विहिरी वर येतात, ऊसवाले खूश होतात आणि आमच्या तळघराच्या भिंतींना घाम फुटतो. नेमकी तेव्हाच लग्नसराई असते, आणि तळघरात आमचं गाद्या भरायचं काम चालतं. कापूस आणि ओल एका घरात नांदत नाहीत.

तीन वर्षांपूर्वी मी कोपऱ्यात कमरेइतका खड्डा खणून घेतला आणि त्यात छोटी पाणबुडी मोटार सोडली. तिला वायरीने एक पोकळ गोळा जोडलेला असतो, फ्लोट म्हणतात त्याला. पाणी चढलं की गोळा वर येतो आणि मोटार आपोआप सुरू होते. पाणी उतरलं की बंद. मोटारवाले तात्या म्हणाले होते, "आता तुमाला कायबी बघायला लागणार न्हाय."

त्यानंतर मी दुसरं काही बघितलंच नाही. मोटार दर पंधरा मिनिटांनी घरघरायची. लाइट गेली की खड्डा भरून वाहायचा, म्हणून इन्व्हर्टर घेतला. वर गेलेलं पाणी उलटं येऊ नये म्हणून पाइपात झडप बसवली, तर तिच्यात कापसाचे धागे अडकायला लागले. ते मी गादीच्या सुईने उकरून काढायचो. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! जेवताना, कापूस पिंजताना, माझे कान तिच्याकडेच. दोन मोटारी जळाल्या, तरी भिंती ओल्याच.

यंदा इंदापूरहून एका लग्नाच्या गाद्या परत आल्या. मुलीचे वडील स्वतः टेम्पोबरोबर आले. भांडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी एक उशी माझ्या नाकाशी धरली. कुबट वास येत होता. एवढंच म्हणाले, "माझ्या लग्नात तुमच्या वडलांच्या हातची गादी होती."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवशी मी अम्माला, म्हणजे माझ्या आईला, सांगून टाकलं. या पाळीत तळघर कोरडं झालं तर ठीक, नाहीतर पिंजायचं यंत्र विकून मी तयार फोमच्या गाद्या मांडून बसणार. माझ्यात आता जोर नाही. ती लिंबं तोडायला मागच्या अंगणात गेली.

अम्माचं माहेर कऱ्हाटीचं. जिरायती भाग, एका हंड्यासाठी पायपीट करत वाढलेली बाई. पंप बसवला त्या दिवशी पाइप रस्त्याच्या गटारीत सोडायचा होता, तर ती मध्ये येऊन उभी राहिली. "पानी गटारीत? येडा हायस का? हितं सोड, माज्या लिंबोनीला." मी सोडलं. लिंबोणी अशी फोफावली की साऱ्या गल्लीला लिंबं पुरायची. मलाही तेव्हा बरं वाटायचं, खोटं का बोलू?

तिसरी मोटार जळाली तेव्हा तात्या पुन्हा आले. हात धुवायला मागे गेले आणि लिंबोणीखालच्या चिखलात पाय घोट्यापर्यंत रुतवून तसेच उभे राहिले.

"काखंत कळसा अन् गावाला वळसा," ते म्हणाले. "आवो, भिंतीपासून ही लिंबोनी दोन हात बी लांब न्हाय. तुमी पानी वर काढताय, त्ये मुरून पुन्ना खड्ड्यात येतंय. तीन वरसं त्येच पानी फिरवताय."

त्यांनी नवी मोटार बसवली आणि पाइप लांबवून गटारीपर्यंत नेला. दुसऱ्या दिवसापासून मोटार सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा लागायला लागली. कालव्याचं खरं पाणी एवढंच होतं.

मी चिडलो. शिणलेला माणूस चिडतो तसा, उशिरा आणि नको तिथे. "तुझ्या झाडापायी तीन वर्षं झोप नाही मला," म्हणालो. अम्मा म्हणाली, "मला काय म्हाईत? पानी वाया घालवू ने, इतकंच म्हाईत हुतं." ते बोललो नसतो तर बरं झालं असतं, असं अजून वाटतं.

भिंती वाळल्या. इंदापूरच्या गाद्या नव्या कापसाने भरून मी स्वतः पोचवून आलो. परतलो तर अम्मा गटारीच्या कडेला स्टूल टाकून बसलेली, पाइपाच्या तोंडाखाली बादली. मोटार लागायची वाट बघत होती.

"अगं, नळाचं घाल की लिंबोणीला."

"पेयाचं पानी झाडाला?" तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

रोज ती तशीच बसायची. मग कालव्याची पाळी संपली. एका संध्याकाळी तिने वरून हाक मारली, "आज मोटार का रं लागली न्हाय?"

मी तळघरात होतो. कापूस हाताला कोरडा लागत होता आणि कुठेही घरघर नव्हती. या शांततेसाठी मी तीन वर्षं झुरलो होतो. खड्ड्यात डोकावलो. तळाशी थोडं पाणी होतं, पण गोळा उचलण्याइतकं नव्हतं.

"लागंल आता," मी ओरडून सांगितलं. मग गुडघे टेकून खड्ड्यात हात घातला, तो गोळा वर उचलला आणि तिची बादली भरेपर्यंत तसाच धरून बसलो.