आप्पाराव दवाखाने बघायला निघाले

पडदा वर जातो तेव्हा केजचा बाजार भरात आलेला आहे. एका अंगाला एसटी स्टँड, दुसऱ्या अंगाला मिरच्यांचे ढीग, मागे पिवळी एसटीडीची टपरी आणि तिच्या डोक्यावरून गेलेली केबलची नवी काळी तार. जीपवाले ‘पाटोदा, पाटोदा’ असे आलाप घेत आहेत. आणि या सगळ्या गलबल्याच्या मधोमध एक उंच म्हातारा प्रवेश करतो. डोक्याला लाल पटका, खांद्यावर काळी घोंगडी, हातात काठी. चालणं असं, की गर्दीने आपोआप वाट द्यावी.

साल शहाण्णव. म्हाताऱ्याचं नाव आप्पाराव. केजपासून दोन कोसांवर त्यांची वस्ती, पासष्ट मेंढरं, आणि त्या पासष्टांतली प्रत्येक मेंढी नुसत्या पावलाच्या आवाजावरून ओळखायची हातोटी. आप्पाराव बाजारात आले म्हणजे मेंढरं पुढे आणि ते मागे, हे ठरलेलं. आज मात्र पुढे कोणी नव्हतं, आणि मागे त्यांचा जावई सोमेश्वर ओढल्यासारखा चालत होता. पानवाला राधाकिशन टपरीतून वाकून म्हणाला, “आप्पा, मेंढरं कुटं गेली?”

“घरी हायेत. आज दवाखाना बगाया आलोय.”

“कावून? आजारी हाव का?”

“न्हाई रं. पोरगी बघत्यात तसा दवाखाना बगाया.”

गोष्ट हसण्यासारखी होती, पण तिच्यामागचं कारण हसण्यासारखं नव्हतं. एकुलती एक लेक अंजू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. आठवा महिना संपत आलेला. परवा तिच्या पोटाला तेल लावताना आईचा, भामाबाईंचा हात मध्येच थांबला. लेकरू आडवं होतं. वस्तीवरची कितीतरी बाळंतपणं भामाबाईंनी केली होती, पण त्यांची थोरली बहीण अशाच आडव्या लेकरात गेली होती, आणि तेव्हा तिचं डोकं भामाबाईंच्याच मांडीवर होतं. त्या बाहेर आल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, “ह्ये माज्या हातचं न्हाई. केजला न्यावं लागंल. एक मेंढी घ्यायची तर चार बाजार पालथे घालता, आता लेकीसाटी चार दवाखाने फिरा.”

त्या दोन-तीन वर्षांत केजमध्ये नर्सिंग होमच्या पाट्या भराभर लागल्या होत्या. त्यातली सोमेश्वरची पसंती आधीच ठरलेली. तो पाटोद्याचा, स्वतःची जीप चालवायचा, बारा गावचं पाणी प्यालेला. त्याने सासऱ्यांना थेट काचेच्या दारापुढे उभं केलं. आत गुळगुळीत फरशी, आणि भिंतीवर रंगीत टीव्ही. टेबलामागे एक बाई.

“डॉक्टर कुटं हायेत?” आप्पारावांनी विचारलं.

“सर सोमवारी आणि गुरुवारी येतात. बीडहून.”

“आन मंगळवारी बाई अडली तर?”

“फोन करायचा.”

“लेकरू काय फोन वाजूस्तोर थांबतंय व्हय?”

सोमेश्वर कानाशी लागला. “मामा, टीव्ही तर बगा. रंगीत हाय.”

“पाव्हणं, अंजू बाळतपनाला येनार हाय. टीव्ही बगाया न्हाई.”

दुसरा दवाखाना स्टँडमागचा, जुना आणि नावाजलेला. बाहेर ही रांग! तासाभराने नंबर लागला. मोठे डॉक्टर धिप्पाड, प्रसन्न चेहऱ्याचे. आप्पाराव खुर्चीवर बसले नाहीत. काठी भिंतीला टेकवून म्हणाले, “डॉक्टरसाहेब, जरा हात दावा.”

आता यात आप्पारावांचं काही चुकलं नव्हतं. अडलेल्या मेंढीचं कोकरू सोडवायचं तर हात लहान लागतो, हे त्यांना साठ वर्षांत पासष्ट वेळा तरी कळलं होतं. आणि डॉक्टरांचंही चुकलं नाही. लाल पटका, काळी घोंगडी, घुमणारा आवाज! जत्रेत देवापुढे उभं राहून पाऊसपाण्याचं भाकीत सांगणारे धनगर त्यांनी पाहिले होते. त्यांनी कंपाउंडरला बाहेर पाठवलं, दार लोटलं आणि दोन्ही तळवे टेबलावर पसरले. हळूच म्हणाले, “मुलाचं मेडिकलला होईल का, तेवढं सांगा.”

आप्पारावांनी हात उलटापालटा केला. बोटं दाबून पाहिली, पंजाला वीत लावली. मग त्यांनी निकाल दिला.

“हात लई मोठे हायेत.”

डॉक्टरांचा चेहरा फुलला. “म्हणजे होईल म्हणता?”

“त्ये काय म्हाईत न्हाई. पन कोकरू काडाया ह्ये हात कामाचे न्हाईत.”

सोमेश्वरने सासऱ्यांना घोंगडी धरून बाहेर आणलं. रस्त्यावर आल्यावर तो म्हणाला, “मामा, आता मला ह्या गावात जीप लावाया तोंड न्हाई ठिवलं तुमी!” डॉक्टर चांगले होते, हे पुढे आप्पारावच सगळ्यांना सांगत. माणूस चांगला, फक्त हात मोठे.

तिसरी जागा मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या मागे. भाड्याच्या चार खोल्या, पाटीचा रंग अजून ओला. पेशंट एकही नाही. रोहिणी नावाची तरुण डॉक्टरीण स्टुलावर चढून ऑपरेशनच्या टेबलावरचा मोठा दिवा पुसत होती. आप्पारावांनी हात मागितले. ती खाली उतरली आणि तिने हात पुढे केले. लहानसर, निमुळते. आप्पाराव खूश झाले.

“कावून मागितले, त्ये इचारलं न्हाई?”

“धुतलेत की नाही ते बघत असाल.”

आप्पाराव मोठ्याने हसले, आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. ती हसली नाही. तिने विचारलं, “कोकरू आडवं असलं तर तुम्ही काय करता?”

“घाई न्हाई करायची. कळ आली की हात थांबवायचा, कळ गेली की जरासं सरकवायचं.”

“मीही बाळ वळवून बघेन. पण कळा सुरू व्हायच्या आधी, आणि पोटावरून. आत हात घालून ओढायचे दिवस गेले, आजोबा. तेव्हा हाताच्या मापावर मला पास करू नका.”

आप्पारावांचा चेहरा उतरला. दिवसभर जे माप घेऊन ते फिरले, तेच या पोरीने मोडून हातात दिलं. “आन न्हाई वळलं तर?”

“तर ऑपरेशन. भूल देणारे डॉक्टर अंबाजोगाईहून येतात. ते वेळेवर आले नाहीत तर मी इथं वाट बघत बसणार नाही. तुमच्या लेकीला घेऊन मीच अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात जाईन. गाडी आहे का?”

जन्मभर आप्पारावांनी बाजारात मेंढीची खोड दडवणारेच पाहिले होते. आपल्याकडे काय नाही, हे न विचारता सांगणारं माणूस पहिल्यांदा भेटलं होतं. ते जावयाकडे वळले आणि त्या दिवसात प्रथमच मानाने म्हणाले, “गाडी हाय. आमच्या पाव्हण्यांची जीप हाय.”

ठरलं! आठवड्याने भामाबाई अंजूला घेऊन आल्या. रोहिणीबाईंनी मशीनवर पाहून, पोटावर हळूहळू दाब देत बाळ वळवलं. चार दिवसांनी पाहिलं तर पुन्हा आडवं.

“बापावर गेलंय,” आप्पाराव म्हणाले. “एका जागी बसत न्हाई.”

दुसऱ्यांदा वळलं ते मात्र तसंच राहिलं.

कळा सुरू झाल्या त्या दिवशी सकाळी आठला जीप दवाखान्याच्या दारात लागली, तोंड अंबाजोगाईकडे करून. जीप दिसली की माणसं बसणारच. सावित्रीबाई नावाची एक म्हातारी गाठोडं घेऊन चढली.

“पाटोद्याला कवा सुटनार रं?”

“लेकरू झाल्यावर,” सोमेश्वर म्हणाला.

“मग बसते की,” म्हातारी म्हणाली आणि तिने भाकरी सोडली.

आप्पाराव समोरच्या पायरीवर बसले. आत अंजूचा आवाज चढायचा आणि त्यांची काठीवरची मूठ घट्ट व्हायची. डॉक्टरीण तीनदा बाहेर आली. पाणी प्यायली, सोमेश्वरला म्हणाली, “गाडीत डिझेल आहे ना?” आणि परत आत गेली. बाराला कोणीतरी तिचा डबा आणून खिडकीत ठेवला. दोन वाजले, तीन वाजले. भामाबाई दारात येऊन तशाच आत वळल्या, तेव्हा आप्पारावांनी डोळे मिटून घेतले.

साडेचारला आत एक बारीक, चिडका, ठणठणीत आवाज फुटला. सोमेश्वर जीपकडे धावला आणि हॉर्न दाबून उभा राहिला, अख्खा मोंढा बाहेर येईपर्यंत. सावित्रीबाई गाठोडं टाकून उतरल्या. रोहिणीबाई दुपटं घेऊन बाहेर आल्या. घामाने चेहरा भिजलेला, पाठ दाराला टेकलेली.

“मुलगी आहे. दोघीही छान आहेत. जीपची गरज नाही पडली.”

आप्पारावांनी घोंगडी पसरून नात घेतली. तिला बघितलं, पोटभर बघितलं. मग मान वर करून त्या थकलेल्या पोरीकडे बघितलं, खिडकीतल्या न उघडलेल्या डब्याकडे बघितलं, आणि म्हणाले, “बाई, आदी तुमी जेवा. सकाळधरनं पोटात काय न्हाई तुमच्या. लेकराकडं म्या बगतो.”