आबांच्या हाताखालचा हात

राग आला की तुला देवसुद्धा दिसत नाही, असं माय मला लहानपणापासून म्हणत आलीय. त्या चंपाषष्ठीला मात्र मला राग देवाचाच आला होता. देवाचा आणि दादाचा, दोघांचा मिळून. त्यात जास्त कोणाचा, हे आजही मला नक्की सांगता येणार नाही.

आम्ही हसनाबादकडचे शेतकरी. घराण्याचं कुलदैवत खंडोबा. चातुर्मास लागला की आमच्याकडे वांगं शिजत नाही. चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवायचा, तळी उचलायची, आणि मगच वांग्याचा घास तोंडात घालायचा. ताम्हणात खोबरं, विड्याची पानं आणि भंडारा ठेवून पाच पुरुष भोवती बसतात, एकेक हात लावून ते ताम्हण वर उचलतात आणि येळकोट करतात, ती तळी. आमच्या घरी हे पाच जण म्हणजे माझे वडील आबा, थोरला भाऊ दादा, मी, काका आणि चुलतभाऊ. मला कळतं तेव्हापासून तळी या पाच हातांनीच उचलली जायची.

पुढे दादाने एका पंथाचा उपदेश घेतला. एकाच परमेश्वराला धरायचं, बाकी कोणापुढे हात जोडायचे नाहीत, कोणाच्या नैवेद्याचा कणही घ्यायचा नाही, असा त्याचा नेम झाला. खोटं कशाला बोलू, माणूस सुधारला. तंबाखू सुटली, तोंडातली शिवी गेली, पहाटे उठून नामस्मरण करू लागला. पण त्याच वर्षी चंपाषष्ठीला मायने भरीत पाठवलं तर त्याने ते उंबऱ्यावरूनच परत केलं. माय दिवसभर चुलीपाशी तोंड फिरवून बसली होती. देवाजवळ जायचं म्हणजे एकेक सोडत जायचं, असं दादा म्हणायचा. बापजाद्यांनी धरलेलं सोडून कुठला देव भेटतो, असं मी म्हणायचो. एका अंगणात समोरासमोर दोन घरं, आणि बोलणं शेतातल्या औतफाट्यापुरतं. तळीला त्याच्या जागी शेजारचा एक जण बसू लागला.

मग उन्हाळ्यात आबांना लकव्याचा झटका आला. जालन्याच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा उजवा हात मांडीवर नुसता पडलेला असायचा. बोलणं जड झालं होतं, पण हट्ट शाबूत होता.

चंपाषष्ठीच्या दुपारी सगळी तयारी झाली. काका, चुलतभाऊ, शेजारी टोप्या घालून बसले. आबांना भिंतीला टेकवून बसवलं. त्यांच्या हाताऐवजी भावकीतला आणखी एक जण बोलावला होता. आबांनी त्याला डाव्या हाताने बाजूला सारलं.

"माझा हात लागंल तळीला. अन् थोरल्याचा बी लागंल. त्याबिगर तळी उचलायची न्हाई."

काकांनी समजावलं, मायने समजावलं. आबा सकाळपासून उपाशी होते, गोळ्या जेवणानंतरच्या होत्या. नैवेद्य झाल्याशिवाय घास घेणार नाही म्हणाले. ताटातलं भरीत गार होऊन गेलं. माझ्या डोक्यात एकदम तिडीक गेली. मी उठलो आणि अंगण ओलांडून दादाच्या दारात उभा राहिलो.

दादा ओट्यावर बसून बैलाची वेसण वळत होता. मी तोंडाला येईल ते बोललो. "बाप उपाशी मरून राह्यला तिकडं, अन् तू मोक्षाला चालला का? बापाला लाथाडून जो देव भेटंल, त्याला माझा रामराम सांग!"

वहिनी आतून बाहेर आल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. दादाने मान वर केली नाही. एवढंच म्हणाला, "मी तळीला हात लावू शकत न्हाई. सबूद दिलेला हाय."

"मंग आज तळी व्हत न्हाई," मी म्हणालो आणि निघालो. डोळ्यांत पाणी आलं होतं, रागाचंच. अंगणात मधोमध थांबून मी खंडोबाला मनातल्या मनात झापलं. म्हटलं, इतक्या पिढ्या तुझा भंडारा कपाळाला लावला. एक माणूस तुला वळवता येत नाही? म्हाताऱ्याचा एक हात उचलता येत नाही? राहू दे. तुझं तू बघ. माझ्याच्याने आता होत नाही.

घरात येऊन मी ताम्हणापाशी बसलो. आबा पुढे वाकून आपला उजवा हात डाव्याने धरून ताम्हणाच्या काठावर ठेवू बघत होते. तो हात ठेवला की घसरून खाली पडायचा. पुन्हा उचलायचे, पुन्हा पडायचा. कोणाला बघवत नव्हतं. काकांनी टोपी काढून तोंड पुसलं.

तेवढ्यात दारात सावली पडली. दादा होता. त्याने पाय धुतलेले होते. कोणाकडे न बघता तो भिंत आणि आबा यांच्या मधल्या जागेत जाऊन बसला, आबांना छातीशी टेकवून घेतलं आणि त्यांच्या उजव्या कोपराखाली आपला तळवा दिला. दुसऱ्या हाताने मनगट धरलं. आबांची बोटं ताम्हणाला टेकली आणि टेकलेली राहिली.

"उचला," आबा म्हणाले.

आम्ही तळी उचलली. येळकोट आम्ही केला, दादाचे ओठ मिटलेले होते. ताम्हणाला त्याचं बोटही लागलं नाही. पण आबांचा हात वर जाताना त्याच्या दंडाच्या शिरा ताठ झालेल्या मी पाहिल्या. भंडारा उधळला तेव्हा तो त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावरही पडला.

"लागला थोरल्याचा हात," आबा म्हणाले. "झालं."

आबांनी भरताचा घास घेतला. दादा उठला. मायने काही पुढे केलं नाही, त्यानेही मागितलं नाही. मी मागोमाग अंगणात गेलो. माझा राग गेला नव्हता, पण कुठे ठेवावा ते कळत नव्हतं.

"माझ्या बोलण्यानं आला का?" मी विचारलं.

"तुझ्या बोलण्यानं तर येणारच नव्हतो," दादा म्हणाला. "तुमच्या खंडोबासाठी बी न्हाई आलो. तू तिकडचं दार सताड उघडं टाकून आल्ता. ओट्यावरून आबाचा हात दिसला, घसरून राह्यला व्हता."

दार मी रागात उघडं टाकलं होतं. एवढाच काय तो माझा वाटा, आणि तोही मला ठाऊक नसलेला. जे मी ओरडून मागितलं ते मिळालं नाही. मी हात टेकल्यावर जे आलं, ते मला मागायला सुचलंही नसतं. ते कोणी पाठवलं यावर मी कोणाशी वाद घालत नाही. दादाला विचारलं तर तो त्याच्या परमेश्वराचं नाव घेईल. घेऊ दे. भंडाऱ्याचा सदरा त्याने त्याच दिवशी धुवायला टाकला, तोही टाकू दे. आबांच्या पोटात घास गेला, मी त्यासाठी देवाचा आणि दादाचा, दोघांचाही ऋणी आहे.

आता चंपाषष्ठी परत आलीय. आबांचा हात तसाच आहे. दादा भरीत खात नाही, आणि त्यावरून मी अजून चिडतो. पण या वेळी मी त्याला बोलवायला जाणार नाही. आबांच्या मागे, भिंतीलगत, एक पाट मांडून ठेवलाय. आणि दार उघडं ठेवलंय.