तिखटबाईंचा सकाळचा चमचा

तिखटबाईंना हे नाव पहिल्यांदा कुणी दिलं, ते आता कुणालाच आठवत नाही. मसाल्याची गिरणी चालवणाऱ्या बाईला दुसरं काय म्हणणार म्हणा! पण नुसत्या मिरच्या दळून असं नाव पडत नाही, त्याला जीभही तशीच लागते, आणि ती बाईंना जन्मतःच मिळाली होती. गिरणी मूळची नवऱ्याची. तो गेला तेव्हा दीर-जावा सल्ला द्यायला आल्या, की बाईमाणसाला हे झेपायचं नाही, मशीन विकून मोकळी हो.  बाईंनी बाह्या सरसावल्या, पट्टा चढवला, खटका दाबला आणि वरून टोपलीभर मिरच्या ओतल्या. सल्ला द्यायला आलेली मंडळी शिंकत, डोळे चोळत रस्त्यावर पळाली. पुन्हा कुणी तो विषय काढला नाही.

बाजाराच्या कोपऱ्यावरची एक लांबट खोली. दाराशी काटा, मधोमध मशीन, मागे भिंतीला टेकून पोती. भिंतींचा मूळ रंग कोणता होता देव जाणे, आता खाली पिवळ्या आणि वर लाल होत्या. सकाळी हळद, मग धणे-जिरे, मग गरम मसाला, मिरच्या सगळ्यात शेवटी, हा दळणाचा क्रम. तो मोडायला सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला बाई डबा उचलून हातात द्यायच्या आणि म्हणायच्या, "घरी खलबत्ता आहे ना? मग झालं तर."

आणि मशीन सुरू करायच्या आधी, रोज न चुकता, तो चमचा. हळद, मिरी, सुंठ, दालचिनी, मेथी. सगळं एकत्र दळलेलं, वर कोमट पाणी. तोंड जरासुद्धा वाकडं न करता बाई तो चमचा गिळायच्या आणि खटका दाबायच्या. साठी उलटली तरी पन्नास किलोचं पोतं एकट्या ओढायच्या. लोक विचारायचे, "बाई, तुमच्या तब्येतीचं गुपित काय हो?" बाई म्हणायच्या, "कष्ट." आता कष्ट कुणाला हवे असतात? लोकांचा डोळा चमच्यावर होता.

एकीने मागितला, मग दुसरीने. कुणाचे गुडघे, कुणाचं पोट, कुणाचं वजन. ज्यांना बरं वाटलं ते गावभर सांगत सुटले. ज्यांना काहीच वाटलं नाही ते गप्प बसले. असल्या गोष्टींची कीर्ती अशीच वाढते, दुसरं काय! बाईंचा मुलगा हुशार. त्याने बरण्या आणल्या, वर आईचा फोटो चिकटवला आणि दारावर पाटी लावली: "साखर, सांधे, रक्तदाब, एकच चमचा, काम फत्ते." आणि खोटं कशाला बोला, बाईंना ते आवडलं. जन्मभर लोकांनी तिखट जिभेची बाई म्हणून टाळलेलं, आता तीच माणसं स्टूल ओढून समोर बसायला लागली. बाई हरभऱ्याच्या झाडावर चढल्या. कुणाला झोप लागत नाही, चमचा. कुणाचे केस गळतात, चमचा. मुलगा बाजूला उभा राहून बरण्या बांधायचा.

या सगळ्यांत पहिला नंबर होता धाकटीचा. धाकटी म्हणजे बाईंची सख्खी बहीण, आठ वर्षांनी लहान. आई लवकर गेली, तेव्हा तिची वेणी घालण्यापासून तिला शाळेत सोडण्यापर्यंत सगळं बाईंनी केलं. धाकटी शिवणकाम करायची; एका धोब्याच्या दुकानावरच्या खोलीत एकटी राहायची, खिडकीशी तिचं पायाचं मशीन, आजूबाजूला लोकांच्या पडद्यांचे ढीग. विजेचं मशीन घे म्हटलं तर म्हणायची, "पाय आहेत तोवर वीज कशाला?" तिला साखरेचा आजार होता आणि त्याच्या गोळ्या चालू होत्या. एकदा गिरणीत बसून ती कुरकुरली, की गोळ्यांनी तोंडाची चव जाते. बाई मिरच्या निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "गोळ्या काय, लोक जन्मभर गिळतच असतात. चमचा घे नेमाने, बघ काय होतं ते."

बस, एवढंच म्हणाल्या. त्या विसरल्याही.

धाकटी नाही विसरली. ताईचा शब्द ती कधी विसरली होती?

मग एक दिवस मशीनच्या पायपट्टीत तिच्या पायाचा अंगठा चेमटला. एवढंसं लागलं. तिने हळद लावली आणि काम चालू ठेवलं. जखम भरेना. अंगठा काळा पडायला लागला, ताप चढला, तेव्हा धोब्याने बाईंना फोन केला. बाई हातातलं दळण तसंच टाकून धावल्या. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पट्टी सोडली, आणि बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या वासाने तोंड फिरवलं.

डॉक्टरीण वयाने मुलगीच म्हणायची, पण बोलण्यात आडपडदा नव्हता. "अंगठा वाचायचा नाही. उद्या सकाळी तो काढू. वर किती पसरलंय ते तेव्हाच कळेल. पाऊल वाचवायचा प्रयत्न करते, पण शब्द देत नाही." मग ती हातातले कागद बघत धाकटीला म्हणाली, "गोळ्या वेळेवर घेऊनही साखर एवढी? मला काही समजत नाहीये." धाकटीने छताकडे बघितलं. "घेते ना. वेळेवर घेते."

पाऊल गेलं तर पायाचं मशीन गेलं. आणि ते मशीन गेलं तर धाकटीचं उरलं काय?  चेहरा तसाच ठेवून बाई खाटेच्या कडेवर बसल्या आणि बहिणीचे केस मागे सारायला लागल्या.

डॉक्टरीण गेल्यावर धाकटीने उशीखाली हात घातला आणि एक छोटी डबी काढली. तापाने डोळे लाल झालेले, पण चेहऱ्यावर शाबासकी मागणारं हसू. "ताई, बघ. इथेही चुकवला नाही. हल्ली दोन चमचे घेते, सकाळी आणि संध्याकाळी."

बाईंचा हात केसांतच थांबला. "आणि गोळ्या?"

धाकटी डबीचं झाकण फिरवत राहिली.

"मी काय विचारतेय? गोळ्या?"

"सोडल्या केव्हाच. तूच म्हणालीस ना."

"मी? मी कधी म्हणाले सोड म्हणून?"

"चमचा घे म्हणालीस. मग दोन्ही कशाला? तुझ्या चमच्यावर माझा विश्वास नाही असं झालं असतं ते."

"मग त्या डॉक्टरीणबाईंना खोटं का सांगितलंस, बये?"

"तुझं नाव कशाला घेऊ? गावभर तुझा फोटो आहे बरणीवर."

 बाई ती डबी घेऊन उठल्या. दाराबाहेर मुलगा फोनवर होता. आईचा चेहरा बघून त्याने फोन ठेवला. सगळं ऐकून तो हळूच म्हणाला, "आई, मावशीने स्वतःच सांगितलंय ना गोळ्या घेते म्हणून? मग आपण कशाला मध्ये पडायचं? परवा ते मोठ्या दुकानाचे लोक बरण्यांचा सौदा करायला येतायत. हे बाहेर गेलं तर गिरणीत कुत्रंसुद्धा फिरकणार नाही."

"नको फिरकू दे."

"आई, जरा डोकं शांत ठेव."

"माझं डोकं शांतच आहे. तुझं ठिकाणावर आहे का, ते बघ. आत माझी बहीण पडलीय आणि तू मला बरण्या सांगतोस? बाजूला हो."

तो बाजूला झाला. न होऊन सांगतो कुणाला!

डॉक्टरीण दुसऱ्या पेशंटजवळ होती. बाईंनी वाट बघितली नाही. सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात, मशीनच्या खडखडाटात बोलायची सवय असलेल्या आवाजात, त्या म्हणाल्या, "डॉक्टर, माझी बहीण खोटं बोलतेय. तिने गोळ्या कधीच सोडल्यात. माझ्या सांगण्यावरून सोडल्यात. आणि ही पावडर दिवसाला दोन चमचे खातेय, इथेसुद्धा. त्यात काय काय आहे ते मी सांगते, तुम्ही लिहून घ्या."

खाटेवरून धाकटी ओरडली, "ताई!" बाईंनी मागे बघितलं नाही.

डॉक्टरीणने डबी हातात घेतली आणि तिचा चेहराच बदलला. "हे आल्या आल्या सांगायला नको? उद्या ऑपरेशन आहे! हळद, सुंठ अशी चमचे-चमचे पोटात गेली तर रक्त गोठायला वेळ लागू शकतो. दालचिनी फार झाली तर लिव्हरला त्रास. आणि मी इकडे विचार करत बसले की औषध का चालत नाही! असल्या पावडरींनी माझे निम्मे पेशंट बिघडवलेत. बंद करा हो तुमचा धंदा!"

"धंद्याचं मी बघीन," बाई म्हणाल्या. "तुम्ही पाय बघा."

वॉर्डात कुणीतरी हसलं. डॉक्टरीणही थोडी निवळली. "ठीक आहे. रक्त पुन्हा तपासते. जास्तीचं रक्त तयार ठेवून मगच हात लावते. सांगितलंत ते बरं केलंत."

"बरं काय केलं? जीभ माझीच होती," बाई म्हणाल्या. "पण एक सांगते. मसाला वाईट नाही. मी रोज खाते, उद्याही खाणार."

"खा की! जेवणात खा, चवीने खा. तुमचं पोट ठीक राहत असेल तर आनंद आहे. पण त्याने तुमच्या बहिणीची साखर उतरत नाही, आणि कुठलंही औषध चालू असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय चमचे भरायचे नाहीत. पटतंय?"

बाईंना पटलं. पटलेलं कबूल करायची त्यांना सवय नव्हती, म्हणून त्यांनी नुसती मान हलवली.

अंगठा गेला. पाऊल राहिलं. ते राहिलं हे कळलं तेव्हा बाई दवाखान्याच्या जिन्यात बसून हमसून हमसून रडल्या. समोरून एक वॉर्डबॉय चादरी घेऊन येत होता, तो थबकला तशा त्याच्यावर खेकसल्या, "काय बघतोस? मिरची गेलीय डोळ्यात."

गिरणीवर परत आल्यावर पहिलं काम पाटी. शिडी आणायलाही थांबल्या नाहीत, काठीने ढोसून खाली पाडली. मोठ्या दुकानाचे लोक चकचकीत गाडीतून आले, त्यांना दारातूनच वाटेला लावलं. मुलगा आठवडाभर आईशी बोलला नाही. "लोक हसतील," एवढंच एकदा म्हणाला. "हसू देत," बाई म्हणाल्या, "फुकटात हसतायत, आपलं काय जातंय?"

पण गिऱ्हाईक हसलं नाही, भांडलं! "बाई, असं कसं? तुमच्या चमच्याने माझे गुडघे सुधारले," म्हणून एक पोस्टातून निवृत्त झालेले गृहस्थ तावातावाने आले. बाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "काका, चमचा घ्यायला रोज टेकडीपलीकडून इथवर चालत येता. गुडघे त्याने सुधारलेत. उद्यापासून नुसतेच या, बसा, गप्पा मारा, परत जा." काका रागावून गेले. दुसऱ्या दिवशी आले. कुणी फारच हट्ट धरला तर बाई विचारायच्या, "डॉक्टरच्या गोळ्या आहेत का काही? आहेत? मग आधी त्यांना विचारून या, नंतर मशीन चालू होईल." अर्धे लोक तिथूनच गळाले, काही दुसऱ्या गिरणीवर गेले. जाऊ देत. गिरणी धणे-जिऱ्यावर चालत होती तशी चालत राहिली.

सगळ्यांशी भांडून झालं. एकाच माणसाशी भांडता येईना, कारण ते माणूस बोलतच नव्हतं.

रोज सकाळी मशीन सुरू करायच्या आधी बाई धोब्याच्या दुकानावरचा जिना चढायच्या. हातात पाण्याचा ग्लास घ्यायच्या, तळहातावर गोळी. "घे." धाकटी घ्यायची, गिळायची आणि भिंतीकडे तोंड करायची. भर वॉर्डात खोटं पाडलं याचा राग असेल, असं बाईंना वाटलं. त्या म्हणाल्या, "तुझा पाय वाचवायला बोलले मी. पुन्हा वेळ आली तर पुन्हा बोलेन." धाकटी भिंतीकडेच बघायची. मग बाई चिडायच्या, पडद्यांचे ढीग उगाच इकडचे तिकडे करायच्या आणि निघून जायच्या.

एक दिवस गोळी पुढे केली तर धाकटीने हात पुढे केला नाही.

"घे म्हणतेय ना!" बाई म्हणाल्या. "आता कसली थेरं?"

"तू चमचा घे म्हणालीस, मी घेतला," धाकटी म्हणाली. इतक्या दिवसांनी बोलल्यामुळे तिचा आवाज बसलेला होता, पण नजर सरळ बाईंवर होती. "आता गोळी घे म्हणतेस, मी घेतेय. अंगठा माझा गेला, ताई. मला काय हवंय ते तू जन्मात कधी विचारलंस?"

बाईंच्या तोंडाशी दहा उत्तरं आली. तुझी वेणी कुणी घातली, तुला वाढवलं कुणी, दवाखान्यात उपाशी कोण बसलं. दहाही त्यांनी गिळली, आणि चमचा गिळताना कधी वाकडं न झालेलं तोंड यावेळी वाकडं झालं.

त्यांनी ग्लास आणि गोळी मशीनच्या फळीवर ठेवली, धाकटीच्या हाताला येईल अशी. पडद्यांचा ढीग सरकवून समोर बसल्या.

"सांग," त्या म्हणाल्या. "काय हवंय तुला?"

धाकटीने त्यांच्याकडे निरखून बघितलं, खरंच विचारतेय की काय म्हणून. मग तिने आपल्या हाताने गोळी उचलली, आपल्या हाताने पाणी घेतलं आणि गिळली.

"तुझा तो चमचा," ती म्हणाली, "मला पहिल्या दिवसापासून आवडला नाही. रोज नाक दाबून घ्यायचे. आणि उद्यापासून तू गोळी द्यायला येऊ नकोस. चहाला ये."