पुतळाबाईचा बस्ता

चामटोलीत कुणाचंही लग्न ठरलं की आधी देवाला नारळ आणि लगेच पुतळाबाईला निरोप. बस्ता बांधायला, म्हणजे लग्नाचे कपडे काढायला, उल्हासनगरला जायचं तर तिच्याशिवाय गाडी हलायची नाही. बाकीच्या बायका एकेका साडीवर तासभर घोळ घालायच्या. पुतळाबाई पदर चिमटीत धरायची आणि निकाल देऊन मोकळी व्हायची. तिचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

आणि आज तर तिच्या नातीचा, रिद्धीचा बस्ता! म्हातारी पहाटेपासून हवेत होती. नवी नऊवारी, ताजा गजरा, जीपमध्ये ड्रायव्हरशेजारची जागा. शालू मुलीकडूनच घ्यायचा ठरला होता. "असा शालू काढीन, का सगली चामटोली तोंडात बोट घालील," हे सांगून सांगून तिनं शेजाऱ्यांचे कान किटवले होते.

"आओ अम्मा, आओ! आज तो घर की शादी!" दुकानाच्या सिंधी शेठनी तिला बघताच गादी झटकली.

रीत अशी, की आधी गावदेवीची ओटी, मग मानाच्या साड्या, मग आत्या-मावश्या, आणि नवरीचा शालू सगळ्यात शेवटी. आपल्या पोरीचं आधी बघितलं, असं कुणी म्हणायला नको. पुतळाबाई नुसती सुटली होती. ही घे, ती ठेव, ही काकीला, ती मामीला! दुपारपर्यंत ढीग लागले.

घोडं अडलं ते मुलाकडच्या मानावर. त्यांच्या बायका किती येणार तेच कळेना. जाऊबाई जनीनं फोन लावला, तर "बघतो, कळवतो." त्यांच्या थोरल्या आत्या रुसल्या होत्या म्हणे, येतील, नाहीतर नाही येणार. मग प्रत्येक साडीचा दोनदा विचार. आल्या तर कोणती द्यायची? नाही आल्या तर ती कुणाच्या गळ्यात मारायची? पुतळाबाईनं घेतलेली परत ठेवली, ठेवलेली परत काढली. शेवटी तिनं विचारलं, "जने, तुला काय वाटतं गो?"

जनी दचकलीच. हा प्रश्न तिनं जावेच्या तोंडून जन्मात ऐकला नव्हता.

शालू निघाले तेव्हा दिवस कलला होता. शेठ एकावर एक पसरत होते आणि पुतळाबाई भिंतीला टेकून नुसती मान हलवत होती. "अम्मा, ये फायनल करो, एकदम रानी पीस!"

"बांध," ती म्हणाली. गठ्ठ्याची गाठ बसली, जनीनं वर कुंकूही लावलं.

रिद्धीनं हळूच विचारलं, "आजी, कंच्या रंगाचा घेतलास?"

पुतळाबाई आठवायला लागली. शालू डोळ्यांसमोरून गेला होता, आणि तिला रंग सांगता येईना! आजवरच्या प्रत्येक बस्त्यात शालू शेवटीच निघाला होता. त्या सगळ्या पोरींचे शालू आपण असेच बांधले की काय?

"सोड ती गाठ!" ती ओरडली.

"बाय गो, कुंकू लावलंय! अपशकुन होईल!" जनी म्हणाली.

"होऊ दे! नवरीचा शालू झोपेत घेतला, त्याच्यापरीस मोठा अपशकुन कंचा?" आणि ती रिद्धीकडे वळली. पोर सकाळपासून कोपऱ्यात बसून पिशव्या सांभाळत होती. एवढ्या दुकानात हिला एकसुद्धा साडी निवडायला लागली नव्हती. डोळे कसे लख्ख होते तिचे! "पोरी, साड्या निवडून निवडून माझी अक्कल सपली आज. तूच काढ."

रिद्धी उठली, सरळ मागच्या ढिगाकडे गेली आणि तळातून एक जांभळा शालू ओढला. हिरवे काठ, बारीक बुट्टी. "हा."

"येवढ्या लवकर?"

"सकाळीच बघून ठेवलेला, आजी. तुम्ही कोणी विचारलंच नाय."

शेठसकट सगळे हसले. पुतळाबाईनं मात्र नातीला छातीशी धरलं आणि भर दुकानात रडली.

पुढच्या महिन्यात बदलापूरच्या पाहुण्यांचा बस्ता होता. तिनं मानाच्या बायकांना पायरीवरच अडवलं आणि नवरीचा हात धरून तिला पुढे घातलं. "हिचा आधी."

"आत्याबाई फुगतील!" कुणीतरी कुजबुजलं.

"फुगू देत," पुतळाबाई म्हणाली. "बोल गो पोरी, तुला कंचा आवडला?"