सव्वालाख्या, नव्वद्या आणि कोकिळाबाईचं पान

खरं सांगा, तुमच्या खिशातला फोन तुम्ही कोणाला विचारून घेतला? दुकानात गार हवेत उभ्या असलेल्या पोराला? व्हिडिओत बसून मोबाइलचीच आरती ओवाळणाऱ्या एखाद्या गोऱ्यागोमट्याला? की मेव्हण्याच्या हातात दिसला म्हणून? बरं, घेतल्यावर तरी त्याला एकदा भादव्याच्या उन्हात, भर दुपारी, केळीच्या बागेत उभा केलात का?

नाही ना. कोकिळाबाईनं केला. एक नाही, तीन-तीन महागडे फोन तिनं रांगेत उभे केले, आणि अख्ख्या गावासमोर त्यांची परीक्षा घेतली.

कोकिळाबाई पाटील. राहणार चोपडा तालुक्यातलं तापीकाठचं एक गाव. वय सदतीस. शिक्षण दहावी नापास, आणि हे ती स्वतःच सांगते, कोणी विचारायच्या आधी. माहेर सोनगीर. तिथं मुंबई-आग्रा हायवेला तिचे वडील जीवरामआबा यांची टपरी होती. आधी रेडिओ-टेप दुरुस्त करायचे, मग काळानं मोबाइल हातात दिले. ट्रकवाले थांबायचे, कोणाचा फोन पाण्यात पडलेला, कोणाचा चाकाखाली आलेला. आबांची नजर अधू झाली तेव्हा बारीक स्क्रू काढायला ही पोरगी बसू लागली. कोणता फोन किती दिवसांनी परत टपरीवर येतो, हे तिच्या डोक्यात बसत गेलं. जाहिरात फोनची बाहेरची बाजू दाखवते. हिनं आतली पाहिली होती.

लग्न होऊन ती केळीच्या मुलखात आली. इथं तिचं काम काय? तर ती गावची ‘पानवाली’. शेतकरी गटानं तिला नेमलेली. रोज पाच-सहा बागांमधून फिरायचं, बागेचा व्हिडिओ घ्यायचा, संशयास्पद पान दिसलं की त्याचा फोटो काढायचा आणि जळगावच्या मोहिनी मॅडमना पाठवायचा. या मॅडम पिकांच्या डॉक्टर. फोटो पाहून त्या सांगणार, खत कमी आहे की रोग आहे. रोगांमधला बाप म्हणजे हरण्या. कोवळ्या पानावर फिकट पट्टे येतात, मावा नावाची बारीक कीड तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेते, आणि उशीर झाला की बाग उपटून टाकण्यावाचून इलाज नाही. म्हणजे फोटो हेच कोकिळाबाईचं हत्यार.

या वर्षी पोळ्याच्या आठवड्यात तिचा जुना फोन ठिबकच्या टाकीत पडून मेला. गटानं नवा घ्यायचं ठरवलं आणि तिथंच ठिणगी पडली.

गटाचे अध्यक्ष हितेंद्रभाऊ. माणूस दिलदार, पण एकदा मत बनलं की बनलं. त्यांनी नुकताच स्वतःसाठी सव्वा लाखाचा फोन घेतला होता. बैठकीत तो टेबलावर ठेवून म्हणाले, “हाऊच लेवाना. दोनशे मेगापिक्सल शे! पानवरना मावाबी मोजी लेसूत.”

गणपतीसाठी पुण्याहून आलेला त्यांचा पुतण्या तेजस शेजारी बसला होता. कंपनीत कामाला. त्याच्याकडे दुसऱ्या जातीचा फोन, नव्वद हजारांचा. तो म्हणाला, “काकू, दोन्हींत तीन नॅनोमीटरची चिप आहे. असला प्रोसेसर आपल्याकडे कोणाकडेच नाही. आकडे बघा ना.”

“आकडा सावलीमा काढेल शेतस का उनमा?” कोकिळाबाईनं विचारलं.

तेजस हसला. “आकडा तो आकडाच असतो ना काकू.”

झालं. कोकिळाबाईचं डोकं असं आहे की तापायला काडी लागत नाही. डोक्यावरचा पदर जागच्या जागी, पण आवाज समाजमंदिराच्या पत्र्यावर आदळला. “भाऊ, तुम्ही बैल लेतस तव्हय निस्ते दात देखतस का? आऊतले जुंपीसन देखतस ना? मंग फोनले बी जुंपा!”

“फोनले आऊतले जुंपशी का तू?” भाऊ म्हणाले, आणि सगळे हसले.

“जुंपस. मन्ही जाऊ ज्योती, तिन्हा फोन बी लयस. गया सालना मोठा फोन, आते अडतीस हजारले भेटस. तिन्ही एकाच बागमा, एकाच पानवर. मॅडमले सांगानं नही, कोणता फोटो कोन्हा.”

भाऊंनाही आता चेव आला. “ठीक शे. तुन्हं खरं निंघनं तर तू सांगशी तोच फोन लेसूत. नही निंघनं, तर पानवालीनी पिशवी दुसराले.”

पिशवी म्हणजे काम. काम म्हणजे तिची गावातली जागा. सून म्हणून आलेल्या बाईला बांधावर पुरुष उठून ‘या कोकिळाबाई’ म्हणतात, ते त्या पिशवीमुळे. तिनं एक क्षण पिशवीकडे पाहिलं आणि म्हणाली, “कबूल.”

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता सुपडूनानांच्या बागेत वीस-पंचवीस माणसं जमली. नाना सत्तरीचे, नवी लागवड, चार हजार झाडं. तेच म्हणाले होते, “मन्ही बाग ले माय. तिसरी वळमा एक झाड माले कालपासून खटकस.”

फोनची नावं बांधावरच पडली. सव्वालाख्या, नव्वद्या, चाळिश्या. बैलांना ठेवावीत तशी.

कोकिळाबाईनं ते पान देठापासून मोडलं, उजेडात धरलं. फिकट पट्टे अगदी पुसट होते, तिला दिसत होते, इतरांना ‘असतील बुवा’ इतकेच. मग तिन्ही फोननी फोटो काढले. सव्वालाख्याच्या पडद्यावर पान असं हिरवंगार उमटलं की माणसं वाहवा करू लागली. फोटो मॅडमना पाठवतानाही तिनं ताकीद दिली, “फोटो म्हणीसन नको, फाइल म्हणीसन धाडा. नहीतर वाटमाच दबीसन त्याना चुरा व्हस.” हे तेजसलासुद्धा आठवलं नव्हतं.

दहा मिनिटांत मॅडमचा फोन आला. भाऊंनी आवाज मोठा केला.

“पहिलं पान निरोगी दिसतंय. दुसरं सगळंच पिवळसर आहे, जस्त कमी आहे का बघा. तिसरा फोटो धुरकट आलाय, त्यावरून काही सांगता येणार नाही.”

तिसरा चाळिश्याचा होता.

“चाळिश्याले चष्मा लावा रे!” मागून कोणीतरी ओरडलं आणि बागेत हशा पिकला. हितेंद्रभाऊ हसले नाहीत. त्यांनी फक्त पिशवीकडे हात केला. फोन तापीत भिरकावून द्यावा असं कोकिळाबाईला वाटलं असणार. ज्योती तर चटकन पुढे सरकली, फोन शेवटी तिचा होता.

पण टपरीवर वाढलेली बाई. हात आधी फोन उलटा करतो, मग तोंड उघडतं. तिनं कॅमेऱ्याची काच उन्हात तिरपी धरली. काचेवर बारीक, चिकट साय. केळीचा चीक! पान मोडताना पदराला लागला होता, आणि त्याच पदरानं तिनं सवयीनं काच पुसली होती. केळीवाल्यांच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, चिकाचा हात डोळ्याला लावू नये. आणि ही पानवाली चिकाचा पदर कॅमेऱ्याच्या डोळ्याला लावून मोकळी झाली!

लपवता आलं असतं. फोनवर ढकलता आलं असतं. ती सगळ्यांकडे तोंड करून म्हणाली, “चूक फोननी नही, मन्ही शे. काचवर चीक लागेल शे. परत काढानं.”

“नापासले परत परीक्षा?” भाऊ म्हणाले.

हा घाव जुन्या जागी बसला. पण ती तडक उत्तरली, “हां! नापासलेच फेरपरीक्षा ऱ्हास भाऊ. पास व्हयेलले कोण बसाडस?”

सुपडूनाना खो-खो हसले. “दे रे हितेंद्र, देवू दे तिले. बाग मन्ही शे, तुन्ही नही.”

या वेळी तिनं अट वाढवली. नुसता फोटो नाही. पानवाली रोज जे करते ते सगळं. तिन्ही फोनवर व्हिडिओ सुरू करून वळींमधून, म्हणजे झाडांच्या ओळींमधून, वीस मिनिटं चालायचं, आणि शेवटी त्याच पानाचा फोटो. पिशवीतल्या सॅनिटायझरनं तिन्ही काचा तिनं पुसल्या, नव्या सुती फडक्यानं. आपल्या फोनचीच नाही, भाऊंच्याही.

भादव्याचं ऊन म्हणजे काय, हे खान्देशाबाहेरच्याला सांगून कळायचं नाही. वरून भाजतं, खालून ओल वाफाळते. सव्वालाख्या सुरुवातीला खरंच राजासारखा चालला. पडदा सगळ्यांत उजळ, चित्र लोण्यासारखं, लांबचं पान जवळ ओढावं तर त्यानंच. बाराव्या मिनिटाला पडदा मंदावला. चौदाव्या मिनिटाला त्यावर अक्षरं आली की फोन तापला आहे, कॅमेरा बंद करत आहोत.

“अरे, अरे!” म्हणत भाऊंनी बांधावरच्या जुन्या केळीच्या खांबाचं, म्हणजे खोडाचं, ओलं सोपट सोललं आणि फोन त्यात गुंडाळला, तापलेल्या पोराच्या कपाळावर पट्टी ठेवावी तसा. गार झाला खरा, पण पांढऱ्या पाठीवर चिकाचे डाग उठले. तेजसनं कपाळावर हात मारला. कोकिळाबाई हसली नाही. चिकाचा फटका तिनं आताच खाल्ला होता.

नव्वद्या अठरा मिनिटं टिकला, अडखळत. चाळिश्याही गरम झाला, पण त्याची चिप फार धावणारी नव्हती, म्हणून फार धापाही टाकत नव्हती. वीस मिनिटं त्यानं ओढली.

सव्वालाख्या शुद्धीवर येईपर्यंत सगळे थांबले. मग पानाचे तीन फोटो पुन्हा. कोकिळाबाईनं नंबरांची अदलाबदल केली, म्हणजे मॅडमना अंदाज बांधता येऊ नये.

मॅडम या वेळी सावकाश बोलल्या. “एक नंबर पिवळसर, मघासारखाच. तीन नंबर निरोगी. दोन नंबर... थांबा. मधल्या शिरेपासून कडेपर्यंत फिकट पट्टे दिसतायत. हे पान कोणत्या झाडाचं? त्या झाडाला हात लावून दुसऱ्या झाडाला लावू नका. हरण्या वाटतोय. मी उद्या सकाळी येते.”

दोन नंबर चाळिश्या होता.

“एकच पान,” कोकिळाबाई म्हणाली. “सव्वालाख्यानी ते गोरं करीसन दाखाडं. नव्वद्यानी निरोगी जागाले बी कावीळ करी दिधी. खरं एकच बोलना.”

सकाळी मोहिनी मॅडम आल्या. भिंगातून पान पाहिलं, वळी फिरल्या, आणि सात झाडांवर खूण केली. ती सात उपटून दूर खड्ड्यात पुरली, माव्यावर फवारणी झाली. उरलेल्या बागेवर आजवर पट्टा दिसलेला नाही. नाना रोज जाऊन बघतात.

तेजस मात्र गप्प बसणाऱ्यातला नव्हता, आणि बरंच झालं. तो परीक्षेच्या दिवशीच बांधावर म्हणाला होता, “काकू, हे काही बरोबर नाही. माझ्या नि काकांच्या फोनमध्ये फोटो आपोआप सुधारायची सोय चालू होती. ती बंद केली तर तेही खरं दाखवतील.”

“मंग कर बंद.”

त्यानं केली. सव्वालाख्याच्या फोटोत पट्टे उमटले, थोडे मऊ, पण उमटले. कोकिळाबाईनं दोन्ही फोटो शेजारी धरले आणि मान डोलावली. “खरं शे तुन्हं. फोन खोटा नही, त्याले गोड बोलानी सवय लायेल शे.” आणि मग तिनं जे सांगितलं ते कोणत्याही जाहिरातीत सापडायचं नाही. संध्याकाळी ट्रक भरताना, कमी उजेडात, सव्वालाख्यासारखा कॅमेरा दुसरा नाही. तेजससारख्यानं दिवसभर त्यावर काम केलं, व्हिडिओ कापून-जोडून सिनेमा केला, तर त्या चिपला तोड नाही. त्याच्या कामाला तो राजाच. पण भर उन्हात वीस मिनिटं पान दाखवायला राजा कशाला? तिथं गडी पाहिजे.

हितेंद्रभाऊंनी डागाळलेला फोन खिशात घातला. दिलदार माणूस, हे आधीच सांगितलं आहे. म्हणाले, “बोल कोकिळाबाई, कोणता लेवाना?”

“चाळिश्या. पण एक नही भाऊ. सव्वा लाखमा तीन येतस.”

“तीन कसाले?”

“तीन पानवाल्या. मी, ज्योती आनि खालनी आळीनी रत्ना. मी एकटी सहा बागा फिरस. हरण्या मन्ही वाट देखस का?”

भाऊंनी नानांकडे पाहिलं, नानांनी आभाळाकडे, आणि ठराव बांधावरच मंजूर झाला. ज्या बाईची पिशवी काढून घेणार होते, तिच्या पिशवीच्या आता तीन पिशव्या झाल्या आहेत. सकाळी नऊला तिघी वेगवेगळ्या शिवारात शिरतात. रत्ना तर आता फोटो काढायच्या आधी काच लख्ख पुसते, आणि दुसऱ्यांनाही दरडावते.

गटाच्या फळ्यावर कोकिळाबाईनं स्वतःच्या अक्षरात एक तक्ता लावला आहे. अक्षर वाकडं, पण प्रत्येक शब्द उन्हात भाजलेला. कोणता फोन, किंमत किती, किती मिनिटांत तापला, पान खरं दाखवलं की गोरं. शिरपूरकडचे कापूसवाले येऊन त्याचा फोटो काढून नेतात. ज्यांच्याकडे पदव्या आहेत तेही वाचतात, आणि खाली कोणाची सही आहे ते बघून जरा दचकतात. दचकू द्या. आमच्या खान्देशात अक्कल शाळेच्या दाखल्यावर मोजत नाहीत, कामावर मोजतात.

तक्त्यात तीनच ओळी भरल्या आहेत, बाकीचा फळा रिकामा आहे. म्हणून तुम्हाला एक मागणं आहे. तुमचा फोन कितीचाही असो, या आठवड्यात दुपारी बारा वाजता बाहेर पडा, काच पुसा, तुमच्या ओळखीच्या झाडाच्या एका पानाचे दोन फोटो काढा, एक सुधारणा चालू ठेवून, एक बंद करून. दोन्ही त्या पानाशेजारी धरून बघा. मग फोनचं नाव, किंमत आणि जे दिसलं ते कागदावर लिहून कोकिळाबाईच्या गटाकडे पाठवून द्या. फोन तुमच्या कितीही लाडका असला, तरी लिहाल ते खरं लिहा.